तुलनेचा न्याय : महासाथीच्या आकड्यांविषयी प्रास्ताविक

एका मुलखाच्या कारभाराची दुसऱ्या मुलखाच्या कारभाराशी तुलना करण्याची हौस राज्यकर्त्यांना असते, वृत्तपत्रांना असते, आणि सामान्य नागरिकही तिच्यापासून अगदीच अलिप्त असतो असे नाही. 2020 च्या मार्च महिन्यापासून पुढे जवळजवळ दोन वर्षे या हौसेला दररोज संध्याकाळी नवे खाद्य मिळत गेले. आज किती बाधित, किती बरे, किती मृत, दर दहा लाखांमागे प्रमाण काय, आपले राज्य कितव्या क्रमांकावर आणि शेजारचे कितव्या, असे तक्ते घरोघर वाचले गेले, ज्यांनी शाळा सुटल्यापासून टक्केवारीचे गणित केले नव्हते अशी माणसे ‘पॉझिटिव्हिटी रेट’विषयी अधिकारवाणीने बोलू लागली, आणि त्या वाचनातून निवाडे निघू लागले, की अमुक सरकारने साथ उत्तम हाताळली व तमुक सरकार नापास झाले. त्यांतले काही निवाडे योग्य होते, पुष्कळसे अयोग्य होते. परंतु ज्या पुराव्याच्या आधारे ते दिले गेले त्या पुराव्याची उलटतपासणी क्वचितच कोणी केली. ती कशी करावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. आणि ती केल्यावाचून कोणत्याही प्रांताला शाबासकी किंवा शिक्षा फर्मावणे हा अन्याय का ठरतो, एवढे सांगणे हे या प्रस्तावनेचे प्रयोजन.

पुढील प्रकरणांत अनेक मापांचा ऊहापोह केला असला, तरी त्या सर्वांना लावलेली कसोटी एकच आहे, आणि ती वाचकाच्या हाती प्रारंभीच दिलेली बरी. जो मुलूख आपले मृत प्रामाणिकपणे मोजतो, त्याला त्या प्रामाणिकपणाबद्दल तुलनेच्या तक्त्यात दंड भरावा लागता कामा नये. ही कसोटी इतकी उघड वाटते की ती लिहून ठेवण्याची गरज कोणास भासू नये; परंतु व्यवहारात ती किती सहज पायदळी तुडवली जाते याचे एक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाचे आहे. 31 मे 2021 रोजी पेरूच्या शासनाने तज्ज्ञसमितीच्या शिफारशीवरून आपल्या करोना-मृत्यूंची व्याख्या सुधारली, आणि पूर्वीचा 69,342 हा आकडा एका दिवसात 1,80,764 झाला. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी देश तोच, रुग्णालये तीच, गेलेली माणसेही तीच. पण लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वाधिक मृत्यू झालेला देश म्हणून पेरूचे नाव त्या दिवसापासून सर्वत्र छापले जाऊ लागले. ज्या देशांनी आपली दफ्तरे अशी उघडून तपासली नाहीत, ते त्याच तक्त्यात पेरूच्या खाली सुखाने बसून राहिले. साथीत पेरूची दुर्दशा झाली हे खरेच, आणि ती नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु हिशेब दुरुस्त करणाऱ्यास सर्वांत वाईट आणि न करणाऱ्यास बरा ठरवणारा तक्ता साथीच्या हाताळणीविषयी काही सांगतो असे मानणे धाडसाचे आहे.

युरोपातही हाच प्रकार निराळ्या रीतीने घडला. बेल्जियमने पहिल्या लाटेत वृद्धाश्रमांत झालेले संशयित मृत्यूही, चाचणी झालेली नसताना, करोनाच्या खाती धरले. आणि सव्वा कोटीही वस्ती नसलेला तो देश काही काळ युरोपात सर्वांत वाईट म्हणून गाजला. पुढे त्या महिन्यांतील सर्व कारणांनी झालेले मृत्यू नेहमीच्या सरासरीशी ताडून पाहिले, तेव्हा बेल्जियमने जाहीर केलेला आकडा वाढलेल्या मृत्यूंशी जवळजवळ जुळला. ज्याला अतिरेकी मोजणी म्हणून हिणवले गेले, ती वास्तविक बिनचूक मोजणी होती. उलटपक्षी इंग्लंडमध्ये, एकदा चाचणीत बाधित ठरलेला मनुष्य पुढे कधीही व कशानेही मेला तरी तो करोनाचाच मृत्यू, अशी पद्धत आरंभी चालू होती. ऑगस्ट 2020 मध्ये अठ्ठावीस दिवसांची मर्यादा घालण्यात आली, आणि ब्रिटनचा एकूण आकडा 46,706 वरून 41,329 वर आला. पाच हजारांहून अधिक मृत्यू एका परिपत्रकासरशी दप्तरातून कमी झाले. येथे कोणी लबाडी केली असे नव्हे. दोन्ही व्याख्यांच्या बाजूने काही ना काही बोलता येते. मुद्दा एवढाच, की व्याख्या विचारल्यावाचून दोन आकडे शेजारी मांडणे म्हणजे एका पेढीची रोकडवही दुसरीच्या उधारीच्या खतावणीशी ताडून कोणता सावकार श्रीमंत ते ठरवण्यासारखे आहे.

मापे निवडण्याचा हा वाद आजकालचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत इंग्लंडातील सार्वजनिक आरोग्याचे अध्वर्यू एडविन चॅडविक यांनी नगरांच्या आरोग्याची तुलना करण्यासाठी एक सोपे माप सुचवले होते: त्या त्या ठिकाणी मरणाऱ्यांचे सरासरी वय. जेथे माणसे सरासरीने कमी वयात मरतात ती जागा अधिक रोगट, हे अनुमान वरकरणी निर्दोष वाटते. परंतु 1844 मध्ये एफ. जी. पी. नेसन या विमागणितज्ञाने लंडनच्या संख्याशास्त्रसभेपुढे ते पार उलटवून दाखवले. ज्या वस्तीत लहान मुले अधिक, तेथे मरणाऱ्यांतही लहान मुलेच अधिक असणार; त्या वस्तीची हवा कितीही स्वच्छ असली तरी मृतांचे सरासरी वय खालीच राहणार. म्हणजे चॅडविक यांचे माप आरोग्य मोजत नसून लोकसंख्येची घडण मोजत होते. नेसन यांनी उपायही सांगितला: एका वस्तीतील वयोगटनिहाय मृत्युदर दुसऱ्या वस्तीच्या वयोरचनेला लावून पाहावेत, आणि मग दोहोंची तुलना करावी. आज ज्यास वयानुसार प्रमाणीकरण म्हणतात त्याचा उगम येथे आहे; आणि पावणेदोनशे वर्षे लोटल्यावरही, दर दहा लाखांमागील मृत्यूंचा कच्चा आकडा छापताना आपण चॅडविक यांचीच चूक निराळ्या वेषात करीत असतो.

ही गोष्ट नुसती तात्त्विक वाटू नये म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. दोन जिल्हे घ्या, प्रत्येकी दहा लाख वस्तीचे. दोन्हीकडे साथ सारखीच पसरली, उपचारही सारखेच झाले. साठ वर्षांवरील माणसांत दर हजारी पाच दगावले आणि साठीच्या आतील माणसांत दर दहा हजारी तीन. पहिल्या जिल्ह्यात साठीवरील माणसे शेकडा सात आहेत. तेव्हा तेथील सत्तर हजार वृद्धांपैकी 350 आणि उरलेल्या नऊ लाख तीस हजारांपैकी 279, मिळून 629 मृत्यू झाले. दुसऱ्या जिल्ह्यात साठीवरील माणसे शेकडा तेरा. तेथील एक लाख तीस हजार वृद्धांपैकी 650 आणि उरलेल्या आठ लाख सत्तर हजारांपैकी 261, मिळून 911. वागणूक तंतोतंत एक, फळही प्रत्येक वयोगटात तंतोतंत एक. तरी दुसऱ्या जिल्ह्याचा कच्चा मृत्युदर पहिल्याच्या जवळजवळ दीडपट. आता हे शेकडा सात आणि तेरा मनाने घेतलेले नाहीत. 2011 च्या जनगणनेत साठीवरील माणसांचे प्रमाण बिहारात 7.4 टक्के, महाराष्ट्रात 9.9 टक्के आणि केरळात 12.6 टक्के होते. केरळ आणि बिहार यांचा मृत्युदर शेजारी छापून निष्कर्ष काढणाऱ्याने, करोनाचे नाव घेण्यापूर्वीच, केरळच्या माथी केवळ त्याच्या दीर्घायुष्याचा म्हणून एक भलामोठा बोजा चढवलेला असतो.

अंशाइतकाच, किंबहुना अधिक, फसवणारा म्हणजे छेद. मृत्यू किती या प्रश्नाला उत्तर देणारे दफ्तर निदान कोठे तरी असते. पण ते किती माणसांपैकी, याचे उत्तर साथीच्या धामधुमीत कोणालाच नीट देता येत नाही. मुंबईला याचा अनुभव सव्वाशे वर्षांपूर्वी आला आहे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, निदान केले, आणि पुढील चार-सहा महिन्यांत शहरातून लोकांनी अशी पळापळ केली की जवळजवळ निम्मी मुंबई ओस पडली. 1891 च्या खानेसुमारीत या शहराची वस्ती 8,21,764 होती. 1901 मध्ये ती 7,76,006 भरली. मग 1897 च्या फेब्रुवारीतील दर हजारी मृत्यूंचे प्रमाण कोणत्या वस्तीवर काढायचे? जुन्या खानेसुमारीवर काढले तर साथ सौम्य दिसते, शहरात मागे उरलेल्यांच्या अंदाजावर काढले तर भयंकर. आणि जे साथ अंगात घेऊन कोकणात व देशावर गेले आणि तेथे मेले, त्यांचा हिशेब मुंबईच्या खात्यातून निसटून भलत्याच तालुक्याच्या नावे रुजू होतो. 2020 च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून लाखो श्रमिक आपापल्या गावी परतले, तेव्हा हाच प्रश्न जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. आणि 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर आधारलेल्या अंदाजांचाच छेद सर्वांनी वापरला. एका गोष्टीत मात्र सातत्य राहिले: 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगासाठी घाईघाईने केलेला साथरोग कायदाच 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने पुन्हा अमलात आणला.

प्लेगाच्या त्या दिवसांतून आणखी एक धडा घेण्याजोगा आहे. घरात प्लेग निघाला की झडती, विलगीकरण, सामानाची जाळपोळ, असा ससेमिरा मागे लागत असल्यामुळे लोक रोगी लपवीत आणि मृत्यू झाला तर तो साध्या तापाचा म्हणून नोंदवीत. परिणामी प्लेगाचे म्हणून नोंदलेले मृत्यू थोडे, पण इतर तापांचे मृत्यू एकाएकी वाढलेले, असे चित्र दफ्तरात उमटू लागले. अधिकाऱ्यांच्या हे ध्यानात आले, आणि त्यांनी रोगाचे नाव बाजूला सारून एकूण मृत्यूंचा आकडा मागील वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहण्यास सुरुवात केली. ही युक्ती त्यांनी शोधून काढली असे नव्हे. 1847 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत लंडनमध्ये किती माणसे गेली हे ठरवताना संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी तीच वापरली होती. कारण लपवता येते, प्रेत लपवणे त्याहून कठीण असते, या साध्या व्यावहारिक ज्ञानावर ती उभी आहे. आणि अतिरिक्त मृत्यूंचे जे माप या पुस्तकात सर्वांहून विश्वासार्ह मानले आहे, त्याचे बीज हेच.

1918 च्या इन्फ्लुएन्झाने या मापाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही उघड केल्या. मुंबईत 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी 768 माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. पण साथीचा खरा कहर खेड्यांत झाला, आणि खेड्यात मृत्यूचे कारण लिहिणारा माणूस वैद्य नव्हता. पाटील, कुलकर्णी किंवा कोतवाल यांनी सांगोवांगीवरून भरलेल्या त्या नोंदवहीत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात असे मोजके रकाने असत, आणि इन्फ्लुएन्झाला त्यांत स्वतंत्र जागा नव्हती. सबब तो बहुतांशी तापाच्या रकान्यात गेला. आज विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात आणि महसुली भाषेत ज्याचा उल्लेख गाव नमुना नंबर 14 असा होतो, ते बाड जातीच्या दाखल्याच्या निमित्ताने पुष्कळांनी तहसील कचेरीत चाळले असेल; 1918 च्या आश्विन-कार्तिकाच्या पानांवर एकाखाली एक ‘ताप’ हा शब्द लिहिलेला दिसला, तर वाचकाने तो साथीचा शिलालेख समजावा. तत्कालीन सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी हिंदुस्थानातील मृत्यूंचा प्राथमिक अंदाज साठ लाखांच्या घरात केला होता, संशोधक आय. डी. मिल्स यांनी 1986 मध्ये दफ्तरांची पुन्हा छाननी करून तो पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. जेथे नोंदवही ठीक चालली तेथे हानी मोठी दिसली. जेथे नोंदवही भरणाराच साथीत गेला, तेथे पुढले रकाने कोरे राहिले आणि गाव कागदोपत्री सुखरूप ठरले.

आता अलीकडच्या साथीकडे वळू. सर्वांत अधिक छापलेला आणि सर्वांत कमी उपयोगी आकडा म्हणजे बाधितांची संख्या. ती साथीपेक्षा चाचण्यांचे माप अधिक असते. 2021 च्या जुलैअखेर देशात रोज नोंदल्या जाणाऱ्या नव्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या केरळात नोंदले जात होते, आणि केरळ प्रारूपाचे पितळ उघडे पडले असा घोष सुरू झाला होता. त्याच आठवड्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चौथ्या सिरो-सर्वेक्षणाचे राज्यवार निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तात प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण देशभरात 67.6 टक्के, मध्य प्रदेशात 79, बिहारात 75.9, महाराष्ट्रात 58, आणि केरळात सर्वांत कमी, म्हणजे 44.4 टक्के. यात लसीमुळे आलेली प्रतिपिंडेही मिसळलेली होती. पण लसीकरणात केरळ बिहारच्या पुढे असल्याने त्या दुरुस्तीने केरळची बाजू अधिकच बळकट होते. याचा अर्थ असा, की जेथे संसर्ग सर्वांत कमी लोकांपर्यंत पोहोचला होता तेच राज्य, तो शोधून काढण्याची खटपट सर्वाधिक केल्यामुळे, सर्वांत बाधित म्हणून गाजत होते. मुंबईतही 2020 च्या जुलैत तीन विभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतील 57 टक्के आणि इमारतींतील 16 टक्के रहिवाशांत प्रतिपिंडे आढळली. रोजच्या रुग्णसंख्येवरून ही दरी कोणास ओळखता आली नसती.

बाधितांपैकी किती मेले, हे गुणोत्तर तर दोन्ही अंगांनी डळमळीत असते, कारण छेद चाचण्यांवर अवलंबून आणि अंश ताळमेळावर. महाराष्ट्राने 16 जून 2020 रोजी पूर्वीच्या 1,328 मृत्यूंची, त्यांपैकी 862 एकट्या मुंबईतील, भर आपल्या हिशेबात घातली, आणि आलेखावर त्या तारखेला असा सुळका उभा राहिला की अनभिज्ञ वाचकास त्या दिवशी आभाळ कोसळले असे वाटावे. प्रत्यक्षात ते मृत्यू मागील आठवड्यांतले होते. सुळका होता तो कारकुनांच्या कामाचा. बिहारने पाटण्याच्या उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर 9 जून 2021 रोजी आपला आकडा 5,458 वरून 9,429 केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक मृताच्या वारसास 50,000 रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळू लागले, तेव्हा वारा फिरला: ज्या मृत्यूची नोंद टाळण्याकडे पूर्वी कल होता, त्याची नोंद व्हावी म्हणून आता कुटुंबे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागली. 2022 च्या जानेवारीत न्यायालयापुढे आलेल्या माहितीत महाराष्ट्रातून आलेले अर्ज दोन लाखांवर होते आणि अधिकृत मृत्यू सुमारे एक लाख एकेचाळीस हजार. गुजरातेत अधिकृत मृत्यू दहा हजारांच्या आसपास आणि मंजूर अर्जच साठ हजारांच्या पुढे. अर्जांसाठी व्याख्या अधिक सैल होती हे खरे. पण ती सैल व्याख्या दोन्ही राज्यांना एकच होती, आणि तरीही एकाची तफावत दीडपट, दुसऱ्याची सहापट, याकडे डोळेझाक करून त्या दोन राज्यांचे अधिकृत मृत्युदर शेजारी मांडणे कोणाही न्यायबुद्धीच्या माणसास रुचणार नाही.

मृत्यू कोणाच्या खाती मांडायचा, हाही एक नाजूक प्रश्न आहे. आपल्याकडे मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते, आणि मोठी रुग्णालये असलेले शहर आसपासच्या मुलखाचे मरण आपल्या शिरावर घेत असते. नागपूरच्या दैनंदिन पत्रकात शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील असे तीन रकाने असत. पण देशभराच्या तक्त्यात पोहोचेपर्यंत ते तीन रकाने एकात विरघळून जात. गोव्याचे उदाहरण तर अधिकच गुंतागुंतीचे. वस्ती सुमारे पंधरा लाख, त्यांत 2011 सालीच साठीवरील माणसे शेकडा अकरा, राहणी बव्हंशी नागरी, नोंदणी चोख. असा प्रदेश अधिकृत मृत्युदराच्या तक्त्यात वर दिसणार हे साथ येण्यापूर्वीच सांगता आले असते. एवढ्यावरून मे 2021 मध्ये तेथील मोठ्या रुग्णालयात प्राणवायूच्या पुरवठ्यावरून जे घडले आणि जे उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यास क्षमा मिळत नाही. न्याय्य तुलनेचे काम कोणास निर्दोष सोडणे हे नाही. वयाचा दोष, मोजणीचा दोष आणि कारभाराचा दोष वेगवेगळे करून प्रत्येकाचे माप त्याच्या पदरात घालणे, एवढेच आहे.

या सगळ्या चाळणीतून उरते ते माप म्हणजे सर्व कारणांनी झालेले, वयानुसार प्रमाणित केलेले, अतिरिक्त मृत्यू. त्यात चाचणी झाली की नाही हे पाहावे लागत नाही, डॉक्टरांनी दाखल्यावर सहव्याधी लिहिली की करोना याने फरक पडत नाही, आणि खाट न मिळाल्यामुळे घरीच हृदयविकाराने गेलेला मनुष्यही, जो साथीचाच बळी होय, हिशेबात येतो. तरी हे माप दैवी नाही. साथ नसती तर किती माणसे मेली असती, हा आधारभूत आकडा कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. तो गणिताने काढावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये 2020 व 2021 या दोन वर्षांत जगभर सुमारे 1 कोटी 49 लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला, आणि अल्पावधीतच तिला जर्मनीचा आकडा बराच खाली आणावा लागला व स्वीडनचा थोडा वर न्यावा लागला. दोष मृतांच्या नोंदीत नव्हता, आधाररेषा ओढण्याच्या पद्धतीत होता. भारतासाठी तिचा अंदाज 47 लाखांचा होता, अधिकृत आकड्याच्या जवळजवळ दहापट. आणि भारत सरकारने त्या गणितास तीव्र आक्षेप घेतला. आक्षेपाची गुणवत्ता पुढे एका प्रकरणात तपासली आहे. येथे इतकेच नमूद करतो, की नागरी नोंदणीप्रमाणे देशात 2019 मध्ये सुमारे 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख आणि 2021 मध्ये 1 कोटी 2 लाखांच्या वर मृत्यू नोंदले गेले. यांतील काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे, काही लोकसंख्या वाढल्यामुळे. परंतु एका वर्षात वीस लाखांची उडी निव्वळ कारकुनी दक्षतेने पडत नाही, हे समजण्यास संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. खेद याचा, की 2021 चे हे आकडे जनतेसमोर यावयास 2025 साल उजाडले. जे दफ्तर चार वर्षांनी उघडते ते इतिहासकाराच्या उपयोगी पडते, आरोग्याधिकाऱ्याच्या नाही.

अतिरिक्त मृत्यूंनीही सगळे कळते असे नाही. न्यूझीलंडसारख्या बेटास सरहद्द बंद करणे शक्य होते, धारावीला नव्हते. त्या बेटाच्या यशातला किती वाटा समुद्राचा आणि किती शासनाचा हे मृत्यूंच्या आकड्यातून वाचता येत नाही. टाळेबंदीत बुडालेली रोजी, वर्षभर बंद राहिलेल्या शाळा, लांबणीवर पडलेल्या शस्त्रक्रिया, ही हानी निराळ्या खात्यांत मांडावी लागते. म्हणून पुढील प्रकरणांत ज्या प्रदेशांची तुलना केली आहे, त्यांना एकच क्रमांक दिलेला नाही. प्रत्येकाच्या नावापुढे प्रथम नोंदणीची पूर्तता, मग वयोरचना, मग मृत्यू राहत्या ठिकाणावरून मोजले की घडल्या ठिकाणावरून, मग अतिरिक्त मृत्यू आणि त्यांची अनिश्चितता, असा क्रम ठेवला आहे. आणि अधिकृत आकडा सर्वांत शेवटी, तोही अतिरिक्त मृत्यूंशी त्याचे गुणोत्तर काय पडते या रूपाने. हे शेवटचे गुणोत्तर मला विशेष महत्त्वाचे वाटते. एखाद्या शासनाने किती माणसे वाचवली हे ठरवताना मतभेद होतील. गेलेल्यांपैकी किती त्याने कबूल केली हे मात्र बरेचसे निर्विवादपणे काढता येते, आणि कबुली हाही साथीच्या हाताळणीचाच भाग आहे. जो मोजत नाही त्याला औषध कोठे पाठवावे, खाटा कोठे वाढवाव्यात, लस आधी कोणास द्यावी, यांतले काहीच कळत नाही.

हे पुस्तक संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले नाही. तक्ता वाचून मत बनवणारा वाचक, तो छापणारा संपादक, आणि त्याच्या धाकाने निर्णय घेणारा जिल्हा पातळीवरचा अधिकारी, यांच्यासाठी ते आहे. म्हणून सूत्रे थोडी ठेवली असून प्रत्येक सूत्र एखाद्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या प्रत्यक्ष हिशेबावर चालवून दाखवले आहे. ज्यांच्या नोंदींवर हा सारा डोलारा उभा आहे ते ग्रामसेवक, महापालिकांच्या आरोग्यखात्यांतील कारकून आणि स्मशानभूमी व कबरस्तान यांच्या नोंदवह्या भर साथीतही लिहीत राहिलेले कर्मचारी यांचे ऋण मोठे आहे. त्यांचे काम आकड्यात दिसते, नाव कोठेच दिसत नाही.

पुढली साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही, परंतु तिच्या तक्त्यांवरून भांडण होईल हे निश्चित. त्या भांडणात न्याय व्हावा अशी इच्छा असेल, तर तयारी साथ नसतानाच्या काळात करावी लागते. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी ज्यांच्या कारणावर वैद्यकीय दाखला असतो ते आजही चौथ्या हिश्श्याच्या आतबाहेर आहेत. ते प्रमाण वाढवणे, आणि प्रत्येक जिल्ह्याचे एकूण मृत्यू वय व राहते ठिकाण यांसह महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध करणे, या दोन गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही की परदेशी यंत्रे लागत नाहीत. एवढे झाले, तर ज्या प्रांताची बाजू खरी आहे त्याला ती मांडावयास कागद मिळेल. तोवर वाचकाने एवढा नियम पाळावा: कोणताही तक्ता पुढे आला की पहिल्या क्रमांकावर कोण आहे हे पाहण्यापूर्वी तेथे मोजणी कशी झाली ते विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तो क्रमांक मानू नये.